टाकाऊ साहित्यातून शिकारी पक्ष्यांचे सुरक्षित निवारे: पनवेल परिसराच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

ससाणे, शिकरे, घारी, गरुड आणि घुबडे हे शिकारी पक्षी माणसाच्या ताब्यात मुख्यतः दोन कारणांनी येत आले. पूर्वी त्यांना शिकारीसाठी पाळत. आज भारतात ते जखमी, आजारी किंवा घरट्यातून पडलेले सापडतात, म्हणून काही काळ सांभाळावे लागतात. कारण कोणतेही असो, पक्ष्याला राहायला जागा लागते. ती जागा चुकीची बांधली गेली तर उपचाराने वाचलेला पक्षी निवाऱ्यातच निकामी होतो. जाळीवर आपटून त्याची पिसे मोडतात, खडबडीत किंवा गुळगुळीत दांडीवर बसून तळव्यांना गळवे होतात आणि ओलसर हवेतील बुरशी त्याच्या फुप्फुसांत शिरते.

पनवेल परिसरात या प्रश्नाला विशेष धार आहे. मुंबई-गोवा महामार्गालगतचे कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये घोषित झाले आणि २००३ मध्ये त्याचे क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आले. या जंगलात सर्पगरुड आणि शिकरा, उरणकडच्या खाड्यांवर ब्राह्मणी घार आणि समुद्री गरुड, तर शहरात घारी आणि गव्हाणी घुबडे नित्याची आहेत. त्याच भूभागावर महामार्ग, उच्चदाबाच्या वीजवाहिन्या, उंच इमारती आणि नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. पक्षी तारांना धडकतात, काचांवर आपटतात, संक्रांतीच्या सुमारास मांज्याने कापले जातात. याच बांधकामाच्या लाटेतून जुनी कौले, सागवानी वासे, लाकडी पॅलेट, पत्रे आणि जाळ्या यांचे ढीगही बाहेर पडतात. जखमी पक्षी आणि वापरता येण्याजोगे जुने सामान एकाच ठिकाणी मिळत असल्याने साहजिकच विचारले जाते: या सामानातून पक्ष्यांना सुरक्षित निवारा बांधता येईल का, कुठपर्यंत येईल आणि तो कोणी बांधावा?

पार्श्वभूमी: बाजदारीपासून शुश्रूषेपर्यंत

शिकारी पक्षी पाळण्याची परंपरा, म्हणजे बाजदारी, भारतात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात श्येनविनोदाचे, म्हणजे ससाण्यांच्या साह्याने केलेल्या शिकारीचे, वर्णन येते. कुमाऊंच्या रुद्रदेवाच्या नावावर असलेले ‘श्यैनिक शास्त्र’ याच विषयाला वाहिलेले आहे. मुघल दरबारातील शिकारी पक्षी आणि त्यांची देखभाल करणारे सेवक यांची नोंद ‘आईन-ए-अकबरी’त सापडते. गुजरातेतील भावनगर संस्थानात ही परंपरा विसाव्या शतकातही जिवंत होती.

बाजदारांनी सांभाळलेली दोन सूत्रे आजच्या शुश्रूषेतही टिकून आहेत. पहिले म्हणजे शांतता. माणसांची ये-जा, कुत्री आणि अचानक होणारे आवाज यांपासून पक्षी दूर ठेवला तर तो स्वतःला इजा करून घेत नाही. डोळ्यांवर चढवली जाणारी चामड्याची टोपी याच हेतूने वापरत. दुसरे सूत्र बैठकीचे. पक्षी दिवसाचा बहुतांश वेळ अड्ड्यावर, म्हणजे बसण्याच्या दांडीवर किंवा ठोकळ्यावर काढतो, त्यामुळे निवाऱ्यातील सर्वात महत्त्वाची वस्तू भिंत नसून बैठक असते.

परदेशांत बाजदारी अनेक ठिकाणी परवान्याने चालू आहे. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार परवाना मिळण्याआधी पक्ष्याच्या निवाऱ्याची तपासणी होते. ऊन-पावसापासून व हिंस्र प्राण्यांपासून संरक्षण, योग्य बैठक आणि सूर्यप्रकाशासाठी मोकळी बाजू या गोष्टी तेथे पाहिल्या जातात. २०१० मध्ये युनेस्कोने बाजदारीचा समावेश मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तिकडे निवाऱ्याविषयीचे बरेचसे ज्ञान बाजदारांकडून आले आणि पुढे ते वन्यजीव उपचार केंद्रांनी स्वीकारले. भारतात ही साखळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तुटली. पाळणारे उरले नाहीत, सांभाळणारे वाढले, आणि निवाऱ्याचे शास्त्र त्यांना नव्याने जमवावे लागले.

ही जमवाजमव अजून चालू आहे. मुंबईत परळचे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय, पुण्यातील रेस्क्यू ही संस्था आणि नागपूरच्या सेमिनरी हिल्स भागातील वन विभागाचे वन्यप्राणी उपचार केंद्र ही महाराष्ट्रातील ठळक नावे. देशपातळीवर दिल्लीतील मोहम्मद सौद आणि नदीम शहजाद या भावांचे काम ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या २०२२ च्या माहितीपटामुळे सर्वांपर्यंत पोहोचले. घराचे तळघर आणि गच्ची यांचा उपयोग करून त्यांनी मांज्याने जखमी झालेल्या घारींवर उपचार केले. साधने तुटपुंजी असली तरी शिस्त असेल तर हे काम उभे राहते, असा विश्वास या उदाहरणाने अनेकांना दिला.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीच्या व्याख्येत वन्यप्राणी पकडणे व सापळ्यात अडकवणे हेही येते. बहिरी ससाण्यासारखे अनेक शिकारी पक्षी कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तिने अनुसूचींची फेररचना केली, पण मूळ दिशा तीच राहिली. हौसेसाठी किंवा शिकारीसाठी वन्य ससाणा पाळण्याला भारतात वाव नाही.

जखमी पक्ष्याच्या बाबतीत कलम ३९ महत्त्वाचे आहे. वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता मानली जाते आणि अशी मालमत्ता ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर ही माहिती देता येते. प्राणिसंग्रहालये आणि बचाव केंद्रे यांना केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेची चौकट लागू होते. त्यामुळे पुढील सर्व चर्चा वन विभागाच्या परवानगीने चालणाऱ्या केंद्रांच्या आणि त्यांच्या देखरेखीखालील तात्पुरत्या निवाऱ्यांच्या संदर्भातच वाचायला हवी. घराच्या मागील अंगणात खासगी पिंजरा उभारण्याचा पर्याय कायद्याने खुला नाही.

पक्ष्याची गरज

साहित्य ठरवण्याआधी पक्ष्याला काय हवे हे ठरते. उपचाराच्या काळात जागा टप्प्याटप्प्याने बदलते. पहिल्या दिवसांत लहान, अर्धवट अंधारी, हवेशीर पेटी किंवा खोली पुरते. तेथे पक्ष्याला पंख झाडून उडी घेता येऊ नये, नाहीतर जोडलेले हाड पुन्हा सरकते. हाड सांधले की मध्यम आकाराची खोली लागते. शेवटी उडण्याचा सराव करता येईल असा लांब पिंजरा लागतो. घारीच्या पंखांचा विस्तार सुमारे दीड मीटर आणि समुद्री गरुडाचा सुमारे दोन मीटर असतो हे लक्षात घेतले, तर शेवटच्या टप्प्यातील पिंजरा किती मोठा असावा याची कल्पना येते. काही केंद्रे या टप्प्यात बाजदारांची पद्धत वापरतात. लांब, हलक्या दोरीला बांधून पक्ष्याला मोकळ्या मैदानात उडवले जाते, त्यामुळे मोठ्या पिंजऱ्याची गरज कमी होते. त्यासाठी मात्र अनुभवी हात लागतो.

भिंतींबाबत जाणकारांत बऱ्यापैकी एकमत आहे. साधी कोंबड्यांची जाळी किंवा तारेची वेल्डमेश निवाऱ्याच्या आतल्या बाजूला असू नये. घाबरलेला पक्षी जाळीला लटकतो, शेपटीची व पंखांची पिसे घासून मोडतात, चोचीच्या बुडाशी जखमा होतात. मोडलेले मोठे पीस पुढच्या पीसगळतीपर्यंत बदलत नाही, म्हणजे पक्ष्याची सुटका कित्येक महिने लांबते. बंद भिंती, आणि जेथे उजेड हवा तेथे उभ्या गुळगुळीत पट्ट्या किंवा नळ्या, ही रचना अधिक सुरक्षित ठरते. उभ्या पट्टीवर पंजा रोवता येत नाही, म्हणून पक्षी तिला लटकून राहत नाही.

बैठक पक्ष्याच्या जातीनुसार बदलते. कड्यांवर बसणाऱ्या ससाण्यांना सपाट माथ्याचा ठोकळा मानवतो, झाडांवर बसणाऱ्या शिकऱ्यांना आणि घारींना गोल, वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर भार सतत तळव्याच्या एकाच जागी पडतो. तेथील कातडी पातळ होते, जंतू शिरतात आणि सूज येऊन गळू होते. हा आजार एकदा हाडापर्यंत गेला की बरा होणे कठीण असते.

हवेचे महत्त्वही तेवढेच. ॲस्परजिलस नावाची बुरशी कुजणाऱ्या गवतावर, भुशावर आणि ओल्या लाकडावर वाढते. तिचे बीजाणू श्वासावाटे आत गेले की शिकारी पक्ष्यांच्या श्वसनमार्गात आणि हवापिशव्यांत वाढू लागतात. लक्षणे दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

पनवेलची हवा आणि जमीन

या परिसरात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चार महिने लाकूड, दोर आणि भिंती पूर्ण सुकत नाहीत. कोरड्या प्रदेशांतील बाजदारांचे आराखडे येथे जसेच्या तसे चालत नाहीत ते याच कारणाने. मार्च ते मे या काळात पत्र्याखालची जागा भट्टीसारखी तापते, आणि घाम न येणाऱ्या पक्ष्याला चोच उघडी ठेवून धापा टाकत शरीर थंड करावे लागते.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि रायगड जिल्ह्यातील असंख्य घरांची छपरे उडाली. विटांचे वजन ठेवून दाबलेला जुना पत्रा अशा वाऱ्यात टिकत नाही, तो उडाला की पक्षीही मोकळा होतो किंवा चिरडला जातो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने सखल वस्त्यांत किती पाणी चढू शकते हे दाखवले. गाढी नदीच्या पूरक्षेत्रात निवाऱ्याचा चौथरा उंच असणे ही चैन नव्हे. उंदीर, घुशी, मुंगूस, उदमांजर आणि धामण हे परिसरातील नित्याचे प्राणी आहेत. उरलेल्या मांसामुळे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. त्यावर उपाय म्हणून उंदीर मारण्याचे विष ठेवणे धोक्याचे आहे, कारण विष खाल्लेला उंदीर शिकारी पक्ष्याच्या पोटात गेला तर विषही जाते. जमिनीखाली पुरलेली बारीक जाळी, काँक्रीटचा तळ आणि रोज उचललेले खरकटे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

साहित्याचा आढावा

कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, तळोजा औद्योगिक वसाहत, न्हावा-शेवा बंदर आणि पाडली जाणारी जुनी घरे हे या भागातील जुन्या साहित्याचे प्रमुख स्रोत. प्रत्येक वस्तूचे गुणदोष वेगळे आहेत.

लाकडी पॅलेट. बंदरातून बाहेर पडणाऱ्या पॅलेटवर बहुधा गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असते. हा लाकडी आवेष्टनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का आहे. त्यात ‘एचटी’ ही अक्षरे असतील तर लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवलेले असते. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली असते. पहिल्या प्रकाराला बहुतेक जण पसंती देतात. पण शिक्का फक्त किडीवरील प्रक्रियेबद्दल सांगतो. नंतर त्या पॅलेटवर रसायनांचे पिंप सांडले का, हे तो सांगत नाही. डाग पडलेली, वास येणारी किंवा शिक्का नसलेली पॅलेट नाकारणे हाच शहाणपणा.

जुने सागवान आणि कौले. पाडलेल्या घरांतील सागवानी वासे आणि मंगलोरी कौले हे या परिसरातील सर्वात विश्वासार्ह जुने साहित्य. सागवान ओल आणि वाळवी सहन करते, कौलारू छपराखाली हवा खेळती राहते आणि पत्र्याच्या तुलनेत उष्णता कमी राहते. दोष एवढाच की कौलांच्या फटींतून उंदीर आणि साप येतात, म्हणून कौलांखाली बारीक जाळीचा दुसरा थर लागतो. जुन्या दारे-खिडक्यांच्या रंगाबाबत मात्र सावध राहावे लागते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे भारतीय नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या खपल्यांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग घासल्यास विषारी धूळ उडते. त्यामुळे रंगवलेले लाकूड आतल्या बाजूला न वापरणे सोपे पडते.

प्रक्रिया केलेले लाकूड. डांबरी तेलात मुरवलेले रेल्वेचे जुने स्लीपर आणि तांबे-क्रोमियम-आर्सेनिकच्या द्रावणाने हिरवट झालेले खांब स्वस्तात मिळतात आणि कुजत नाहीत. टिकाऊपणा आणि विषारीपणा येथे एकाच प्रक्रियेतून येतात. बैठकीसाठी किंवा आतल्या भिंतीसाठी ते कोणीही सुचवत नाही. बाहेरच्या खांबांसाठी वापरावे की नाही यावर मतभेद आहेत, पण तेथेही टाळणेच सुरक्षित.

पत्रे आणि सिमेंटचे पत्रे. जस्त-लेपित लोखंडी पत्रा गंजलेला नसेल आणि कडा दुमडल्या असतील तर बाहेरच्या आवरणासाठी चालतो. उन्हाळ्यात त्यावर झावळ्या किंवा शेडनेटची सावली करावी लागते. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे जुने पत्रे ही वेगळी गोष्ट आहे. ते कापताना, भोक पाडताना किंवा फुटताना हवेत जाणारे तंतू माणसाच्या फुप्फुसांना घातक असतात. पक्ष्यासाठी निवारा बांधताना बांधणाऱ्याचे आरोग्य पणाला लावण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

जाळ्या. मासेमारीच्या टाकून दिलेल्या नायलॉन जाळ्या उरण-करंजा पट्ट्यात सहज मिळतात. त्या हलक्या आणि मऊ आहेत, म्हणून पिसांना कमी इजा करतात असा एक युक्तिवाद आहे. प्रतिवाद असा की सैल जाळ्यात पंजे आणि पंख गुरफटतात, आणि बारीक नायलॉन धागा मांज्यासारखाच मांसात रुततो. उन्हाने जीर्ण झालेली जाळी अचानक फाटते. बांधकामावरची हिरवी शेडनेट आडोसा म्हणून उपयोगी आहे, पण तिच्यात नख्या अडकतात. तिची जागा नळ्यांच्या किंवा पट्ट्यांच्या बाहेर. जस्त-लेपित तारेची जाळी शिकारी पक्षी पोपटांप्रमाणे चावत नाहीत, त्यामुळे जस्ताच्या विषबाधेचा धोका त्यांना तुलनेने कमी. पिसांची मोडतोड हाच तिचा मोठा दोष.

बांबू, कारवी आणि नळ्या. उभ्या पट्ट्यांसाठी बांबू हा कोकणातला नैसर्गिक पर्याय. तो गुळगुळीत आणि हलका असतो व सहज बदलता येतो. त्याला भुंगे लागतात आणि पावसाळ्यात पेरांवर काळी बुरशी धरते, म्हणून दर पावसाळ्यानंतर तपासणी लागते. फुटलेल्या बांबूची कड सुरीसारखी कापते. रायगडमधील आदिवासी घरांत दिसणारा कारवीचा, शेणमातीने लिंपलेला कुड उन्हाळ्यात थंडावा देतो, पण तो धुता येत नाही आणि ओल धरतो. वापरलेल्या पीव्हीसी नळ्या धुता येतात, कुजत नाहीत आणि उभ्या पट्ट्यांसाठी उत्तम ठरतात. बैठक म्हणून मात्र त्या निसरड्या असतात.

बैठकीची वेष्टने. काथ्याचा दोर गुंडाळलेली दांडी पंजाला पकड देते, पण ओला काथ्या बुरशीचे घर होतो. कृत्रिम गवताचे तुकडे धुता येतात आणि तळव्यावरचा भार विभागतात. ते जुन्या क्रीडांगणातून आलेले असतील तर त्यांचे दोरे सुटलेले असतात, ते पक्ष्याने गिळण्याचा धोका असतो. येथे नव्या तुकड्याचा खर्च इतका थोडा आहे की जुने वापरण्याचा हट्ट करण्यात अर्थ नाही.

मालवाहू कंटेनर आणि फ्लेक्स. जुना कंटेनर मजबूत, वादळात स्थिर आणि उंदीर-सापांना दुर्भेद्य. पण त्याच्या लाकडी तळाला अनेकदा कीटकनाशक दिलेले असते, आणि पुरेशा झरोक्यांशिवाय तो उन्हात तापतो. तळ काढून काँक्रीट टाकणे व छपरावर वेगळी सावली करणे या दोन कामांनंतरच तो विचारात घेता येतो. जाहिरातींचे जुने फ्लेक्स बाहेरून पावसाची झड अडवायला वापरले जातात. आत वापरल्यास त्यांच्या फाटक्या पट्ट्या पायांत अडकतात.

प्रमुख भूमिका

या विषयावर तीन भूमिका स्पष्ट दिसतात.

पहिली भूमिका नव्या, ठरावीक दर्जाच्या साहित्याची. तिचा आधार निर्जंतुकीकरण हा आहे. पक्ष्यांचे आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातात. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूचा मोठा उद्रेक झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो उरण तालुक्यातील चिरनेरपर्यंत पोहोचला. अशा काळात सच्छिद्र, भेगाळ जुने लाकूड पूर्णपणे निर्जंतुक करता येत नाही. ज्या वस्तूचा पूर्वेतिहास माहीत नाही ती रुग्णालयात आणू नये, असे या मताचे लोक म्हणतात.

दुसरी भूमिका निवडक पुनर्वापराची. जखमी पक्षी ठरावीक हंगामात एकदम वाढतात. संक्रांतीच्या आठवड्यात घारी आणि घुबडे येतात, वादळानंतर समुद्री पक्षी. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. अशा वेळी निधीची वाट पाहत बसण्यापेक्षा तपासलेल्या जुन्या साहित्यातून जागा वाढवणे हिताचे. स्वस्त बांबू किंवा पॅलेट खराब झाले की मन घट्ट न करता टाकून देता येते, तर महागडा पिंजरा झिजल्यावरही वापरत राहण्याकडे कल होतो, हा या बाजूचा विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

तिसरी भूमिका निवाऱ्यांची संख्याच मर्यादित ठेवण्याची. जागा जितक्या जास्त, तितके पक्षी अननुभवी हातांत जास्त दिवस राहतात. पिल्ले माणसाला सरावतात आणि मग निसर्गात सोडता येत नाहीत. म्हणून स्थानिक पातळीवर केवळ पुठ्ठ्याच्या पेटीत प्रथमोपचार, आणि पुढे तातडीने मान्यताप्राप्त केंद्राकडे रवानगी, एवढेच असावे. घरट्यातून पडलेले निरोगी पिल्लू शक्य तेथे टोपलीत घालून पुन्हा त्याच झाडावर ठेवावे. याच विचाराच्या जवळचे एक उदाहरण रायगडमध्येच आहे. म्हसळा तालुक्यातील चिरगावला महाडच्या सिस्केप संस्थेने, गावकऱ्यांना सोबत घेऊन, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांना पिंजऱ्यात न घेता जागेवरच अन्न आणि संरक्षण देण्याचे काम केले.

या भूमिका दिसतात तितक्या परस्परविरोधी नाहीत. पहिली गंभीर रुग्णांच्या खोलीविषयी बोलते, दुसरी बऱ्या होत आलेल्या पक्ष्यांच्या पिंजऱ्याविषयी आणि तिसरी पक्षी दाखल करावा की नाही याविषयी. एकाच केंद्रात तिन्हींना आपापली जागा मिळू शकते.

अनिर्णित मुद्दे

काही प्रश्नांची उत्तरे अजून पक्की नाहीत. पहिला प्रश्न पावसाळ्याचा. बीजाणू कमी ठेवायचे तर हवा खेळती हवी, आणि पक्षी कोरडा ठेवायचा तर झड अडवायला हवी. कोकणच्या पावसात या दोन मागण्या एकमेकींवर कुरघोडी करतात. पट्ट्यांची भिंत, लांब पागोळ्या आणि उंच चौथरा यांचे योग्य प्रमाण काय, हे प्रत्येक केंद्र आपापल्या अनुभवाने ठरवते.

दुसरा प्रश्न खर्चाचा. जुने साहित्य आणताना स्वस्त असते, पण धुणे, खिळे काढणे, दरवर्षी बदलणे यांत मजुरी जाते. पाच-दहा वर्षांचा हिशेब मांडला तर कोणते साहित्य खरोखर स्वस्त पडते, याचे उत्तर परिसरानुसार बदलेल. तिसरा प्रश्न लांब पिंजरा की दोरीवरचा सराव, हा. मोठ्या पिंजऱ्याला जागा व पैसा लागतो, दोरीवरच्या सरावाला कौशल्य. ते कौशल्य जपणारी बाजदारी भारतात बंद असल्याने ते शिकवणार कोण, हा त्यातील अवघड भाग.

चौथा प्रश्न नोंदींचा. निवाऱ्यात असताना झालेल्या इजा, म्हणजे मोडलेली पिसे, सुजलेले तळवे आणि बुरशीचे आजार, यांची नोंद साहित्याच्या प्रकारासह ठेवली गेली तरच तुलना शक्य होईल. उपचारांच्या नोंदींत जखमेचे कारण आणि औषध काटेकोरपणे लिहिले जाते, तेवढ्याच काळजीने दांडी कशाची होती हेही लिहायला हवे.

सध्याचा निष्कर्ष

आजवरच्या अनुभवातून एक कामचलाऊ नियम निघतो. निवाऱ्याचा सांगाडा, छप्पर, चौथरा आणि बाहेरचे आवरण जुन्या साहित्याचे असू शकते, पण पूर्वेतिहास माहीत असला पाहिजे आणि जोडणी वादळात टिकेल अशी पक्की हवी. पक्ष्याच्या पंजाला, पिसांना, चोचीला आणि अन्नाला जे स्पर्श करते ते नवे किंवा पूर्ण धुता येण्याजोगे असावे. शिशाचा रंग, डांबरी तेलाचे लाकूड, ॲस्बेस्टॉस आणि सैल नायलॉन जाळे या चार गोष्टींना कोणत्याही बाजूला जागा नाही. प्रवेशाला दोन दारे हवीत, म्हणजे एक उघडे असताना दुसरे बंद राहील. दुसऱ्या दाराचा खर्च एका निसटलेल्या अर्धवट बऱ्या पक्ष्यापेक्षा नेहमीच कमी असतो.

साहित्य नवे की जुने यापेक्षा ते तपासले गेले का, धुतले जाते का आणि वेळेवर बदलले जाते का, हे प्रश्न अधिक निर्णायक आहेत. निवाऱ्याचे यश तेथे पक्षी किती दिवस जगला यावर मोजायचे नसते. तो शाबूत पिसांनी आणि निरोगी तळव्यांनी किती लवकर बाहेर पडला, हीच कसोटी. पनवेल परिसरात जखमी घार, घुबड किंवा ससाणा सापडल्यास त्याला पाणी पाजण्याचा वा खाऊ घालण्याचा प्रयत्न न करता, हवेसाठी भोके पाडलेल्या झाकणाच्या पुठ्ठ्याच्या पेटीत, शांत आणि अंधाऱ्या जागी ठेवावे आणि लगेच १९२६ वर वन विभागाला कळवावे.